चार बँकांत फाइल आणि घसरलेला सिबिल

प्रश्न : मोशीत ४८ लाखांचा फ्लॅट ठरवलाय, ३८ लाखांचं कर्ज हवंय. आम्ही दोघंही नोकरी करतो. एजंटाने आमच्या सह्या घेऊन एकाच आठवड्यात चार बँकांत फाइल टाकली. दिवाळीत यांनी हप्त्यावर मोबाइलही घेतला होता. यांचा सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या सवयीचे गुण) ७७१ वरून ७५२ वर आला. पाचव्या बँकेतले साहेब विचारतात, ‘इतक्या एन्क्वायऱ्या कशा?’ हप्ता आजवर एकही चुकलेला नाही. घर हातचं जाईल का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : ताई, एवढ्यावरून घर जाईल असं मला वाटत नाही. ३०० ते ९०० च्या मोजपट्टीवर ७५२ चांगलाच आकडा आहे, आणि वेळेवर भरलेल्या हप्त्यांचं वजन एन्क्वायऱ्यांपेक्षा, म्हणजे अर्ज आल्यावर बँकेने तुमचा सिबिल रिपोर्ट मागवल्याच्या नोंदींपेक्षा, कितीतरी जास्त असतं.

पण साहेबांना शंका का आली, ते समजून घ्या. मी एकोणीस वर्षं कर्ज विभागात फाइली तपासल्या. रिपोर्टमध्ये एन्क्वायरीपुढे बँकेचं नाव, तारीख, कर्जाचा प्रकार आणि रक्कम एवढंच दिसतं. कर्ज मंजूर झालं की नाही, हे तिथे लिहिलेलं नसतं. आठ दिवसांत चार एन्क्वायऱ्या आणि नवं गृहकर्ज मात्र एकही नाही, असं दिसलं की माझ्या मनात पहिला विचार हाच यायचा, की चौघांनी नकार दिलाय. त्यांना काय दिसलं जे मला दिसत नाही? सिन्नरच्या एका शिक्षकांची फाइल मी याच शंकेने बाजूला ठेवली होती. ते स्वतः येऊन बसले आणि सगळं सांगितलं, तेव्हा कळलं की त्यांनी फक्त व्याजदर विचारायला अर्ज भरले होते. मला फार वाईट वाटलं.

म्हणून आजच दोघांच्या सहीचं पत्र द्या. कोणत्या बँकेत फाइल कधी लॉगिन (दाखल) झाली आणि ती पुढे का नेली नाही, तारखेसकट लिहा. कुठे मंजुरीपत्र मिळालं असेल तर त्याची प्रत जोडा. मोबाइलचं कर्ज लपवू नका, रिपोर्टमध्ये ते दिसतंच. थोडेच हप्ते उरले असतील तर फेडून टाका आणि नो ड्यूज (बाकी नसल्याचा दाखला) घ्या.

तुम्ही संमती न दिलेली एन्क्वायरी दिसली तर सिबिल कंपनीकडे तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. स्वतःचा रिपोर्ट बघितल्याने स्कोअर कमी होत नाही आणि वर्षातून एकदा तो फुकट मिळतो, तेव्हा तुम्हीही तुमचा काढा. सहअर्जदार म्हणून त्या चार एन्क्वायऱ्या तुमच्याही नावावर असतील.

एजंटाला आता स्पष्ट सांगा, की आम्हाला विचारल्याशिवाय फाइल कुठेही लॉगिन करायची नाही. व्याजदर तोंडी विचारता येतो, त्यासाठी पॅन आणि सही लागत नाही. आणि बिल्डरच्या हाती बँकेचा चेक पडेपर्यंत नवं क्रेडिट कार्ड नको, फ्रीजही हप्त्यावर नको. रक्कम सोडण्याआधी बँक रिपोर्ट पुन्हा काढू शकते.