अमेरिकेतली 'एसेन्शियली एलिंग्टन' ही हायस्कूल जॅझ बँडची स्पर्धा कशी सुरू झाली? मुलगी शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवते, तिने तयारी कशी करावी?

या स्पर्धेचा उगम नोटेशनच्या टंचाईत आहे. जॅझचे मोठे अमेरिकन संगीतकार आणि बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टन 1974 मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या रचना शाळांना वाजवायच्या म्हटल्या तरी धड कागद मिळत नव्हते. एलिंग्टन पार्टवर, म्हणजे एकेका वादकाच्या नोटेशनच्या कागदावर, थेट वादकाचं नाव लिहीत. पुढचे बदल तालमीत तोंडी ठरत, ते कागदावर उतरतच असं नाही. 1988 मध्ये त्यांची हस्तलिखितं स्मिथसोनियन या अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालय संस्थेकडे गेली. तरी डेव्हिड बर्गर यांच्यासारख्या जाणकारांना जुन्या रेकॉर्ड ऐकून एकेका वाद्याची ओळ उतरवावी लागली. माझ्या मते खरं मोठं काम हेच.

ट्रम्पेटवादक विंटन मार्सालिस यांच्या 'जॅझ अ‍ॅट लिंकन सेंटर' या न्यूयॉर्कच्या संस्थेने 1995 मध्ये हा उपक्रम काढला आणि शाळांना नोटेशन फुकट द्यायला सुरुवात केली. पहिली स्पर्धा 1996 ची. शाळा रेकॉर्डिंग पाठवतात, निवडलेले बँड न्यूयॉर्कला जातात. ही संख्या बरीच वर्षं 15 होती, 2025 मध्ये तिसाव्या वर्षी 30 केली. सिएटलच्या गारफिल्ड आणि रूझवेल्ट या दोन सरकारी शाळांनी इथे अनेकदा पहिला नंबर काढला आहे.

आता तयारी. रचना मूळ रेकॉर्डवर तोंडपाठ होईपर्यंत ऐकायची, कागद नंतर. एलिंग्टनकडे बहुतेक काळ तीनच ट्रॉम्बोन होते, त्यामुळे तीन पार्टच्या रचनेत चौथ्याने उगाच जोड देऊ नये, आवाज जड होतो. बास शक्यतो अ‍ॅम्प्लिफायरशिवाय ठेवायचा. अ‍ॅम्प वाढला की ड्रमवाला जोर लावतो, मग सगळेच ओरडतात आणि हळू वाजवायच्या जागा हरवतात.

ट्रॉम्बोनवाल्यांची खरी परीक्षा एलिंग्टनच्या बँडमधला ट्रॉम्बोनवादक 'ट्रिकी सॅम' नॅन्टन याच्या सोलोत असते. बेलमध्ये, म्हणजे वाद्याच्या पुढच्या रुंद तोंडात, आधी छोटा पिक्सी म्यूट (आवाज दाबणारं बूच) बसवायचा. वर मोरी तुंबल्यावर वापरतात त्या प्लंजरचा रबरी पेला, दांडा काढून, डाव्या हाताने उघडझाप करायचा. दोन्ही मिळून सूर चढतो. म्हणून म्यूट लावूनच ट्यूनर (सूर मोजणारं यंत्र) समोर ठेवावा आणि स्लाइड, म्हणजे सरकती नळी, किती पुढे न्यावी लागते ते पाहावं. नुसती उघडझाप केली तर 'वा-वा' येतं, गुरगुर येत नाही. गुरगुरीसाठी फुंकतानाच घशातून आवाज काढावा लागतो. रोज पाच-दहा मिनिटं पुरे, घसा दुखला की थांबायचं.