प्रश्न तुमचे : घरी घडवलेलं वाफेचं इंजिन

४५ मिलिमीटरच्या रुळांवर खऱ्या वाफेनं धावणारं लहान इंजिन घरी कसं करावं, हे गेल्या अंकात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत चाकं, रंग, शिट्टी यांची चौकशी भरपूर आहे. बॉयलरबद्दल मात्र एकाच वाचकानं विचारलंय. वास्कोत मी वर्षानुवर्षं फिटरचं काम केलं, घरी अजून लेथ चालू आहे. त्या हातांना विचाराल तर सगळ्यांत आधी विचारायचा प्रश्न तोच आहे. म्हणून जागाही त्यालाच जास्त देतोय.

प्रश्न : माझे आजोबा मीटर गेजच्या काळात रेल्वेत होते. त्यांच्या आठवणीसाठी घाटात चालणाऱ्या मालगाडीचं इंजिन करायचं आहे. माप कोणतं धरू? परसात थोडा चढही आहे. (एक वाचक, कुळे)

मुरगाव ते कॅसलरॉक ही लाइन १८८८ साली सुरू झाली आणि नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज होईपर्यंत मीटर गेजच राहिली. तुमच्या मापाचं उत्तर तिथेच आहे. रुळांमधलं १००० मिलिमीटर अंतर २२.५ नं भागलं की ४४.४ येतात. म्हणजे ४५ मिलिमीटरच्या रुळांवर मीटर गेजचं इंजिन १:२२.५ या प्रमाणात अगदी बरोबर बसतं.

भारतीय रेल्वेचं मीटर गेजवरचं मालगाडीचं नेहमीचं वाफेचं इंजिन म्हणजे वायजी होतं. पुढे दोन, मध्ये आठ, मागे दोन चाकं. त्याचं मोठं चाक चार फुटांचं, तुमच्या मापात ५४ मिलिमीटरचं. आजोबांसाठी तेच करावंसं वाटणार, हे मला कळतं. तरी पहिलं इंजिन ते घेऊ नका. चार ॲक्सल एकमेकांना साइड रॉडनं, म्हणजे चाकांबाहेरच्या दांड्यानं, जोडलेले असले की ॲक्सलमधली अंतरं आणि रॉडची भोकं तंतोतंत जुळावी लागतात. केसभर फरक राहिला तरी प्रत्येक फेरीत चाकं एका जागी अडतात. शिवाय अशा लांब इंजिनाला वळणही ऐसपैस लागतं. तीन मीटरची त्रिज्या धरून चला. आधी चार चाकांचं, दोन सिलिंडरचं शंटिंगचं इंजिन पुरं करा. ते ६० सेंटिमीटर त्रिज्येतही वळतं आणि त्यात शिकलेलं सगळं वायजीला उपयोगी पडतं.

चढाचं म्हणाल, तर तुमच्या गावावरून वर जाणारा घाट १ इन ३७ आहे, दर मीटरला २७ मिलिमीटर. खऱ्या गाड्यांनासुद्धा तिथे जादा इंजिनं जोडावी लागतात. परसातले रूळ चिऱ्यांच्या ओळीवर पाणसळ लावून सपाट घाला. उताराला लहान इंजिन आवरत नाही, त्याला ब्रेक नसतो.

प्रश्न : आमच्या भागात काजूची फेणी गाळायच्या भाटीची तांब्याची भाणं, म्हणजे मोठी भांडी, घडवणारा जुना कारागीर आहे. तो बॉयलर करून द्यायला तयार आहे. जाड पत्रा वापरून कथलाचा डाख लावतो म्हणतो. चालेल का? (एक वाचक, सत्तरी)

कारागीर सोडू नका, डाख बदला.

पत्रा ठोकून गोलाई देणं, कडा वळवणं, मधूनमधून लाल तापवून तांबं पुन्हा मऊ करून घेणं, ही त्याची रोजची विद्या आहे. बॉयलरच्या दोन्ही टोकांची, कड वळवलेली झाकणं तो लेथवाल्यापेक्षा सुबक करील. असा माणूस जवळ असणं हे तुमचं भाग्य.

पण भाणात दाब साठत नाही. वाफ नळीतून पुढे थंड व्हायला निघून जाते. बॉयलरचं तर दाब साठवणं हेच काम. हिशेब करून पाहा. ६० मिलिमीटर व्यासाच्या बॉयलरच्या टोकाचं क्षेत्रफळ २८ चौरस सेंटिमीटर भरतं. दर चौरस सेंटिमीटरला ३ किलो दाब धरला, तर त्या एवढ्याशा चकतीवर आतून सुमारे ८५ किलोचा रेटा बसतो, आणि खाली बर्नर पेटलेला असतो. गोल नळीची चिंता नाही, १.६ मिलिमीटर जाडीचं तांबं हा दाब सहज पेलतं. कमजोर असतात ती सपाट झाकणं आणि सांधे. म्हणून दोन्ही झाकणांना आरपार जोडणारा ब्राँझचा दांडा, म्हणजे स्टे, घाला.

आता डाख. कथील-शिशाचा डाख १८३ अंशांना वितळू लागतो आणि ३ किलो दाबाची वाफ १४३ अंशांची असते. कागदावर ४० अंशांची सवड दिसते. प्रत्यक्षात ती नाही, कारण वितळण्याच्या कितीतरी आधी हा डाख मऊ होतो आणि ओढ बसली की सांधा सरकत जातो. त्यातून बॉयलरमधलं पाणी संपत आलं, तर ज्योतीजवळचं तांबं बघता बघता १८३ ओलांडतं. तेव्हा चांदीचाच डाख. ५५ टक्के चांदीचा डाख ६३० ते ६६० अंशांत वाहतो. महाग पडतो, पण खर्चात हात आखडायची ही जागा नव्हे. घेताना कॅडमियम नसलेलाच मागा. कॅडमियमचा धूर विषारी असतो. आणि डाख नीट वाहावा म्हणून सोनार सांध्याला लावतो ती सवागी (टाकणखार) या डाखाला उपयोगी नाही. ती सुमारे ७४० अंशांना वितळते, तोवर डाख वाहून गेलेला असतो. सवागीच्या जागी लावायचा या डाखाचा स्वतःचा फ्लक्स मिळतो, तो आणा आणि काम उघड्यावर करा.

तांबं उष्णता झपाट्यानं पसरवतं, त्यामुळे एका कोपऱ्यावर लहान टॉर्च धरून काही होत नाही. भोवती अग्निविटा रचून अख्खा बॉयलर मंद लाल करावा लागतो. मोठी ज्योत हाताळायची सवय तुमच्या कारागिराला आहेच. आटे पाडलेले बुश मात्र पितळेचे लावू देऊ नका. गरम पाण्यात पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे सच्छिद्र, ठिसूळ धातू उरतो. फॉस्फर ब्राँझ किंवा गनमेटल घ्या.

मग चाचणी, आणि ही पाण्यानंच. बॉयलर काठोकाठ भरा, हवेचा बुडबुडासुद्धा राहू देऊ नका, आणि हातपंपानं दाब ६ किलोपर्यंत, म्हणजे चालवायच्या दाबाच्या दुप्पट, चढवा. काटा स्थिर राहिला पाहिजे, झाकण फुगता कामा नये. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा सुटला तर दोन थेंब गळतात आणि काटा खाली येतो. हवेनं चाचणी केली आणि सांधा सुटला, तर कोंडलेली हवा तुकडे उडवते. कॉम्प्रेसर हाताशी आहे म्हणून कुणी तो मोह धरू नये. पुढे दर वर्षी दीडपट दाबाला, साडेचार किलोला, पुन्हा तपासा आणि तारखेसकट वहीत लिहून ठेवा. आपल्या कायद्यात २५ लिटरच्या आतला बॉयलर येत नाही, त्यामुळे तुमच्या दारात इन्स्पेक्टर येणार नाही. ती वही म्हणजेच तुमचा इन्स्पेक्टर.

प्रश्न : स्पिरिट सहज मिळत नाही. दिव्यात फेणी चालेल का? किंवा घरच्या गॅस सिलिंडरमधून इंजिनाची टाकी भरू का? (एक वाचक, म्हापसा)

दोन्ही नको. फेणीत अल्कोहोल साधारण ४२ टक्के, बाकी बहुतेक पाणीच. वात ओली होते आणि उष्णता ते पाणी उडवण्यातच जाते. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधून भरणं तर जिवावरचं काम आहे. त्या गॅसमध्ये प्रोपेनही असतो, त्याचा दाब ब्यूटेनपेक्षा फार जास्त आणि इंजिनाची टाकी ब्यूटेनच्या हिशेबानं केलेली असते. कॅम्पिंगच्या शेगडीचे ब्यूटेनचे डबे मिळतात, ते वापरा. थंड देशांत हौशी लोक ही टाकी कोमट पाण्यात ठेवतात. आपल्याकडे उलट, ती उन्हापासून जपायची.

प्रश्न : इंजिन मे महिन्यात सुरेख चाललं. पावसाळ्यानंतर काढलं तर पाच मिनिटांत जड होऊन थांबतं. तेल रोज घालतो. पाणी विहिरीचं. (एक वाचक, काणकोण)

तेल तुम्ही घालता, पण ते सिलिंडरपर्यंत जात नाही, असा माझा अंदाज आहे. तुम्ही तेल ओतता त्या डबीत, म्हणजे ल्युब्रिकेटरमध्ये, वाफ शिरते, थंड होऊन तिचं पाणी होतं, ते तळाशी बसतं आणि वरचं तेल थेंबाथेंबानं वाफेच्या नळीत ढकललं जातं. तेवढीच त्याची करामत. म्हणून प्रत्येक फेरीनंतर खालचं पाणी काढून टाकलंच पाहिजे. न काढता वर तेल ओतलं तर तेलाला जागाच उरत नाही. नळीतलं बारीक भोक बुजलंय का, तेही तारेनं पाहा. चिमणीच्या तोंडाशी तेलाचे ठिपके दिसले की समजा, तेल पोचतंय. मोटारीचं इंजिन ऑइल घालत असाल तर बंद करा. त्यातली डिटर्जंट पाण्याशी मिसळून दुधाळ गाळ करतात. स्टीम सिलिंडर ऑइल मागा, काकवीसारखं दाट असतं.

किनाऱ्याजवळची विहीर मचूळ असेल तर तिचं पाणी आत क्षार सोडतं. आपल्याला पावसाची काय वाण? मृगाच्या पहिल्या सरींनी कौलं धुऊन निघाली की पागोळ्यांखाली स्वच्छ भांडं ठेवा, पाणी मलमलीतून गाळून बाटल्यांत भरा, वर्षभर पुरेल.

पुढच्या पावसाळ्याआधी बॉयलर रिकामा करा, सेफ्टी व्हॉल्व्ह काढून भोक उघडं ठेवा. रॉड, ॲक्सल, स्क्रू यांना तेलाचा हात द्या आणि इंजिन सुती कापडात गुंडाळा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते. महिन्यातून एकदा चाकं हातानं फिरवा. पुन्हा पेटवण्याआधी सेफ्टी व्हॉल्व्हची गोळी बैठकीला चिकटलेली नाही, एवढं न चुकता बघा.

प्रश्न : चवथीला गणपतीपुढे इंजिन फिरवायचा मुलांचा हट्ट आहे. वरच माटोळी, म्हणजे पानाफळांची टांगलेली आरास, असते. काय काळजी घ्यावी? (एक वाचक, फोंडा)

मखरापाशी पेटता बर्नर नेऊ नका. सुकत चाललेली पानं, कागद, कापूस सगळं हातभर अंतरावर असतं, आणि इंजिन तेलकट पाण्याचे थेंब उडवतं ते वेगळंच. मुलांना मात्र नाही म्हणू नका. सिलिंडरला वाफ काय आणि हवा काय, सारखीच. इंजिन चौकटीवर असं ठेवा की चाकं अधांतरी फिरतील, आणि लहान कॉम्प्रेसरची नळी बॉयलरला न जोडता थेट सिलिंडरच्या नळीला जोडा. एक किलोच्या आसपास हवा पुरते. आरतीच्या वेळी चाकं, रॉड, क्रॉसहेड सगळं संथ फिरताना दिसेल आणि मुलांना जवळ बसून बघता येईल. हवेत वाफेसारखी ओल नसते, तेव्हा सुरू करण्याआधी सिलिंडरमध्ये चार थेंब पातळ तेल सोडा आणि तासाभरानं पुन्हा सोडा.