आयर्लंडच्या खेड्यांतील पारंपरिक घरगुती उपाय कोणते, आणि लोक ते अजूनही करतात का?

करतात, डॉक्टरांचे औषध चालू ठेवूनही करतात. मात्र तेथील उपचारांत झाडपाल्यापेक्षा तो देणाऱ्या माणसाला अधिक मान आहे. खोकल्यावर कॅरागीन नावाचे समुद्रशैवाल दुधात उकळून घेणे किंवा नेटल या खाजऱ्या वनस्पतीच्या पानांनी अंगाची आग झाली तर चुक्याच्या कुळातील डॉकचे पान चोळणे, हे कोणीही करावे. नागीण, गजकर्ण, भाजणे, कावीळ यांसाठी मात्र अमुक घराण्याकडे उपाय आहे असे सांगून रोग्याला तिकडे धाडतात.

हा हातगुण वारशाने येतो, जन्मयोगाने येतो, नाहीतर लग्नाने. सातव्या मुलाच्या सातव्या मुलाकडे तो असतोच, असे मानतात. बाप वारल्यानंतर जन्मलेल्या मुलाने फुंकर घातली की तान्ह्या बाळाचे आलेले तोंड बरे होते, असेही म्हणत. जिचे माहेरचे आणि सासरचे आडनाव एकच, तिच्या हातचा पाव डांग्या खोकला झालेल्या मुलाला खायला देत. एका आडनावात सोयरीक टाळणाऱ्या आपल्याकडच्या घरांत हा उपाय मिळणे कठीणच! पाण्यात राहणाऱ्या, पालीसारख्या दिसणाऱ्या न्यूटला जो चाटेल त्याच्या जिभेला भाजलेली जागा बरी करण्याचा गुण येतो, असाही समज होता. या कामाचे पैसे घेणे वर्ज्य, आणि पुष्कळ ठिकाणी रोग्याने आभार मानणेही.

हे एवढ्या तपशिलाने टिकले, याचे कारण १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांकडून अशा गोष्टी विचारून वह्यांत उतरवायला लावल्या. त्या वह्यांची पाने आता इंटरनेटवर आहेत आणि मी ती अधूनमधून चाळत असतो.

यांतले खरे किती, हा प्रश्न मग येतोच. बहुतेक उपायांची कसोटी कोणी घेतलेली नाही, पण उत्तर आयर्लंडमधील फर्मॅना परगण्यातल्या बोहो गावची माती तपासली गेली आहे. तेथील धर्मगुरू जेम्स मॅकगर १८१५ मध्ये वारले. घसा दुखला की त्यांच्या थडग्याजवळची चिमूटभर माती पुडीत बांधून लोक उशीखाली ठेवतात आणि मग परत नेऊन टाकतात. त्या मातीतील स्ट्रेप्टोमायसिस जातीचा एक जिवाणू अनेक प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या काही रोगजंतूंची वाढ रोखतो, असे २०१८ मध्ये स्वान्झी विद्यापीठाच्या संशोधकांना प्रयोगशाळेत आढळले. त्यावरून उशीखालच्या पुडीने घसा बरा होतो असे म्हणता येत नाही; बंद पुडीतला जिवाणू घशापर्यंत पोहोचणार तरी कसा?