‘अंडर गॉड’ला थांबणारी मुलगी

प्रश्न : ताई, आम्ही मूळचे कोल्हापूरचे, सहा वर्षं न्यू जर्सीत आहोत. मुलगी सरकारी शाळेत चौथीत आहे. रोज सकाळी स्पीकरवर प्लेज, म्हणजे अमेरिकेच्या झेंड्याशी निष्ठेची प्रतिज्ञा, सुरू होते, मुलं छातीवर हात ठेवून उभी राहतात. महिनाभर झाला, तिच्यातलं ‘अंडर गॉड’ (देवाच्या छत्राखाली) आलं की ही थांबते. विचारलं तर म्हणते, “कुठला गॉड ते सांगत नाहीत, मग मी कशी म्हणू?” गेल्या आठवड्यात बदली शिक्षिकेने तिला सगळ्या वर्गासमोर पूर्ण म्हणायला लावलं. घरी येऊन खूप रडली. सासूबाई म्हणतात, देव सगळीकडे एकच, म्हणून टाकावं. ह्यांना वाटतं, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना झेंड्यावरून वाद नको. मी काय करू?

उत्तर : आधी तुमच्या यजमानांची भीती. प्लेज न म्हणणं हा गुन्हा नाही आणि त्यासाठी सरकारी शाळेला मुलाला शिक्षा करता येत नाही. व्हिसा कुठला, याचा इथे संबंधच येत नाही. हे सहजासहजी मिळालेलं नाही. १९४० साली इथल्या सुप्रीम कोर्टाने शाळेत झेंड्याला सलाम करण्याच्या सक्तीला आठ विरुद्ध एक मताने मान्यता दिली होती. खटला पेनसिल्व्हेनियातल्या दोन भावंडांचा, यहोवाज विटनेस या ख्रिस्ती पंथाच्या मुलांचा; झेंड्याला सलाम त्यांच्या श्रद्धेत बसत नाही. निकालानंतर त्या पंथाच्या लोकांना ठिकठिकाणी मारहाण झाली. तीनच वर्षांनी, ऐन महायुद्धात, वेस्ट व्हर्जिनियाच्या खटल्यात कोर्टाने स्वतःचाच निकाल फिरवला. तारीख १४ जून १९४३, इथला झेंडा दिन. राजकारण, राष्ट्रवाद किंवा धर्म यांत योग्य मत कोणतं, हे कुठल्याही लहान-मोठ्या अधिकाऱ्याने ठरवायचं नाही, असं न्यायमूर्ती जॅक्सन यांनी लिहिलं. न्यू जर्सीत तर उभं राहण्याची सक्तीही १९७८ पासून चालत नाही.

हे सगळं मला शिक्षिका झाले तेव्हा ठाऊक नव्हतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या वर्गातला एक मुलगा प्लेजला खिडकीशी बसून राहायचा. मला तो उद्धटपणा वाटला. एके दिवशी मी त्याला दंडाला धरून उभं केलं. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. आवाज चढवला नाही. “आम्ही फक्त देवालाच नमतो, आणि मुलाने तुमचा अपमान केलेला नाही,” एवढंच म्हणाले. त्या रात्री मी जॅक्सन यांचा निकाल पहिल्यांदा वाचला. सकाळी वर्गासमोर त्या मुलाची माफी मागितली. तुमच्या मुलीचं रडणं वाचलं आणि तो दंड माझ्या हाताला पुन्हा जाणवला.

तिचा प्रश्न फार नेमका आहे. १८९२ साली ही प्रतिज्ञा फ्रान्सिस बेलामी यांनी लिहिली. ते स्वतः बाप्टिस्ट धर्मोपदेशक, तरी त्यांच्या मजकुरात देव नव्हता. ते दोन शब्द १९५४ साली आले, अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या सहीने, नास्तिक कम्युनिस्टांपेक्षा आपण वेगळे हे दाखवायला. शब्द काढून टाकावेत म्हणून कॅलिफोर्नियातला एक बाप सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २००४ साली कोर्टाने त्याला दावा करण्याचा अधिकारच नाही असं सांगितलं आणि मूळ मुद्दा तसाच सोडला. म्हणून शब्द आजही आहेत. ते उच्चारायचे की नाही, ते मात्र मुलीच्या हातात आहे.

सासूबाईंना आपली ‘भारत माझा देश आहे’ आठवून बघायला सांगा. १९६२ साली ती पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी तेलुगूत लिहिली. तिच्यात देवाचं नाव नाही, आणि त्यावाचून आपलं काही अडलं नाही. केरळातली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची पण गायची नाहीत. तीही यहोवाज विटनेसच. शाळेने काढलं, तेव्हा १९८६ साली आपल्या सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं. त्या निकालात १९४३च्या या अमेरिकन निकालाचाही आधार घेतला आहे.

आता करायचं काय? वर्गशिक्षिका आणि मुख्याध्यापिका दोघींना चार ओळींचं ईमेल पाठवा. काय घडलं ते आणि तारीख लिहा. बदली शिक्षकांसाठीच्या सूचनांत याची नोंद ठेवा, अशी विनंती करा. बदली शिक्षिकेला हा नियम कुणी सांगितलाच नसेल, असं धरून लिहा. पण त्याआधी मुलीला विचारा. तिला फक्त ते दोन शब्द गाळायचे आहेत, पूर्ण गप्प राहायचंय, की आता सगळंच म्हणायचंय? तिने म्हणायचं ठरवलं तर तेही तिचंच. घरातल्या मोठ्यांच्या वादात तिला पुढे करू नका, मग बाजू सासूबाईंची असो वा तुमची.

आणि ईमेल पाठवण्याआधी तिला वाचून दाखवा. एखादं वाक्य तिला नको असेल, तर ते काढून टाका.