सेकंडहँड गिअरबॉक्स ५५ हजारांचा की ९२ हजारांचा?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. होंडा सिटी ऑटोमॅटिक, सप्टेंबर २०११ची नोंदणी, १ लाख २८ हजार किलोमीटर. गरम झाली की दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला झटका बसतो, रिव्हर्स पडायला दोन-तीन सेकंद लागतात आणि डॅशबोर्डवरचा 'डी'चा दिवा लुकलुकतो. मिस्टरांचा डावा गुडघा गेल्यापासून क्लच दाबणं बंद, म्हणून मॅन्युअल गाडी नको. पर्याय तुम्ही चार लिहिलेत. कुर्ल्याहून जुना बॉक्स ५५ हजार आणि कल्याणच्या मेकॅनिककडून बसवणी १८ हजार. आहे तोच बॉक्स उघडून रिबिल्ड, म्हणजे आतले झिजलेले भाग बदलून पुन्हा जुळवणं, तेलासकट १ लाख ५ हजार, सहा महिन्यांची वॉरंटी. आहे तशी गाडी ७० हजारांना देणं. किंवा सहा लाखांचं कर्ज काढून नवी घेणं. शेवटी विचारलंत, "स्वस्तातलं ७३ हजारांचं काम करून टाकू का?"

७३ हजार हा आकडा मला पटलेला नाही. पण त्याच्या आधीचा प्रश्न राहिलाय. बॉक्स गेला हे ठरवलं कोणी? स्कॅनर लावल्याचा उल्लेख पत्रात कुठेच नाही. 'डी' लुकलुकतोय म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने दोष टिपून ठेवलाय, आणि तो कोड वाचायला फार तर हजार-दीड हजार लागतात. या गाडीच्या पाच गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये प्रेशर स्विच (तेलाचा दाब ओळखणारा) किंवा सोलेनॉइड (तेलाची वाट उघडणारा-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) बिघडला तरी झटके बसतात, आणि ते बदलायला अख्खा बॉक्स उतरवावा लागत नाही. शिवाय तुम्हीच लिहिलंय की तेल 'बहुतेक कधी बदललं नाही'. ड्रेन प्लगला, म्हणजे तेल काढायच्या बुचाला, लोहचुंबक असतो. त्यावर काळपट लेप दिसला तर तो रोजच्या झिजेचा, पण धातूचे कपचे चिकटलेले दिसले तर बॉक्स खरंच आतून गेलाय. एका वेळी साधारण अडीच लिटरच तेल निघतं, म्हणून होंडाचंच तेल दोन-तीन वेळा काढून-भरून पाहावं लागतं. कोड वाचणं आणि तेल मिळून आठ-दहा हजार धरा. जळका वास आणि कपचे दोन्ही असतील तर तेलावरही पैसे घालू नका. पण हे पाहिल्याशिवाय कुर्ल्याची गाडी पकडू नका.

समजा, बॉक्स खरंच गेलाय. आता ७३ हजारांकडे येऊ.

त्यात तेल, सील, माउंटिंग धरलेलं नाही, ते आठ-नऊ हजार. झाले ८२. कुर्ल्याचा दुकानदार म्हणाला, पक्कं बिल हवं असेल तर बॉक्सच्या किमतीवर १८ टक्के जीएसटी वर. म्हणजे आणखी ९,९००. झाले जवळजवळ ९२ हजार. गॅरंटी किती, तर 'सात दिवस, चालू करून देतो'. तेव्हा तुमच्यासमोरची तुलना ७३ विरुद्ध १०५ अशी नाही. ती ९२ विरुद्ध १०५ अशी आहे, एका बाजूला सात दिवस आणि दुसऱ्या बाजूला सहा महिने.

कागदावर मांडून बघा. जुना बॉक्स महिन्याभराने बंद पडला तर ९२ हजार पाण्यात. रिबिल्डसाठी जास्तीचे द्यायचे १३ हजार. तेराला ९२ने भागलं की १४ टक्के येतात. म्हणजे असे सात बॉक्स घेतले आणि त्यातला एक जरी बिघडला, तरी स्वस्त पर्यायाचा स्वस्तपणा संपला. बिल नको म्हटलंत तर हिशेब ८२ हजारांचा होतो आणि तुम्हाला साधारण २८ टक्क्यांपर्यंत धोका परवडतो. पण मग हातात कागद नाही, ग्राहक आयोगात जायची सोय नाही आणि माल कुठून आला हे विचारायचीही सोय नाही. चौदा-पंधरा वर्षं जुन्या गाडीतून निघालेला, तेल कधी बदललं याचा पत्ता नसलेला बॉक्स सातांत एकापेक्षा कमी वेळा बिघडेल, यावर मी माझे पैसे लावणार नाही.

त्याहून मोठी भानगड वेगळीच आहे. विकणारा एक, बसवणारा दुसरा. माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांनी असाच बॉक्स आणून बसवला. तीन आठवडे गाडी लोण्यासारखी चालली आणि मग तिसरा गिअर पडेना. दुकानदार म्हणाला, तुमच्या माणसाने तेल चुकीचं टाकलं. मेकॅनिक म्हणाला, माल आधीच मेलेला होता. दोघंही खरं बोलत असतील, पण पैसे मात्र गृहस्थांचेच गेले. म्हणून जुना बॉक्स घ्यायचाच असेल तर माझी एक अट: बॉक्स आणि बसवणी एकाच बिलावर, एकाच माणसाच्या नावाने, निदान तीन महिन्यांची लेखी वॉरंटी आणि त्यात काढा-घालायची मजुरीही धरलेली. कल्याणचाच मेकॅनिक कुर्ल्याहून माल आणून अशी जबाबदारी घेत असेल तर ९०-९५ हजारांपर्यंत मी होकार देईन. नाही म्हणाला, तर त्याला स्वतःलाच त्या मालाची खात्री नाही हे समजा.

आता 'सेम टू सेम बसेल' या वाक्याबद्दल. तुमच्या गाडीला २००८ अखेरपासून २०१३पर्यंतच्या सिटीतला टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनाची ताकद तेलातून गिअरपर्यंत पोचवणारा) पाच गिअरचा बॉक्स आहे. २०१४च्या सिटीपासून सीव्हीटी आला, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक. तुमच्या गाडीच्या आधीच्या सिटी झेडएक्सच्या ऑटोमॅटिकलाही सीव्हीटीच होता. नाव तेच, गाडी तीच, पण बॉक्स एकमेकांना लागत नाहीत. 'जपानचा इम्पोर्ट माल आहे' असं कोणी म्हणालं तर जास्तच सावध व्हा, कारण त्या काळच्या जपानी होंडा फिट गाडीला बहुतेक सीव्हीटीच असायचा. तुमच्या बॉक्सच्या अंगावर कोड कोरलेला आहे. त्याचा फोटो काढून कुर्ल्याच्या मालावरच्या कोडशी अक्षर-अक्षर जुळवा. टॉर्क कन्व्हर्टर त्याच बॉक्सचा सोबत हवा, वायरिंगचे प्लग तेच हवेत. बॉक्स शक्यतो अपघातात टोटल लॉस झालेल्या गाडीतून उतरवण्याआधी, इंजिन चालू करून, डी आणि आर टाकून पाहायला मिळाला पाहिजे. पुरात बुडालेल्या गाडीचा माल फुकट दिला तरी नको. त्या वर्षांत लोक मॅन्युअलच जास्त घ्यायचे, त्यामुळे असा बॉक्स लवकर मिळणार नाही. दुकानदाराला हे माहीत असतं, आणि घाई तुम्हाला आहे हेही.

'इंजिनासकट अख्खा सेट घ्या, वीस हजार जास्त' असं म्हणाला तर नको म्हणा. इंजिन नंबर आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) असतो, तो बदलला की आरटीओची पायरी चढावी लागते. गिअरबॉक्सचा नंबर आरसीवर नसतो.

आरसीवरून आठवलं, पत्रात तुम्ही ज्याला हातही लावला नाहीत ती तारीख. सप्टेंबर २०२६ला गाडीची १५ वर्षं पूर्ण होतात. पुढची पाच वर्षं हवी असतील तर फिटनेस तपासणी, ५,००० रुपये नूतनीकरण शुल्क आणि वर पर्यावरण कर. अर्ज मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून करता येतो, म्हणजे जुलैपासून. म्हणून गिअरबॉक्सवर रुपया टाकण्याआधी गाडी लिफ्टवर चढवा आणि खालचा पत्रा, सस्पेन्शनच्या जागा, चासी बघा. कल्याण-डोंबिवलीच्या पावसात पंधरा वर्षं भिजलेल्या पत्र्याला भोकं पडली असतील तर विषय तिथेच संपला. ७० हजार घ्या आणि मोकळ्या व्हा.

चालू गाडीला १ लाख ९० हजार मिळतील म्हणून दुरुस्त करून विकायचा मोह होईल. ७० हजारांची गाडी, वर १ लाख ५ हजारांचं काम, म्हणजे पावणेदोन लाख आत. आरसी संपत आलेल्या गाडीला गिऱ्हाईक १ लाख ९० हजार देईल का? मला नाही वाटत. दुरुस्ती करायची तर स्वतः निदान दोन वर्षं वापरायला. तेव्हाचा हिशेब असा: सोडलेले ७०, रिबिल्ड १०५, आरसीचा खर्च अंदाजे १०, दोन वर्षांनी ९० हजारांना विकली असं धरलं तर गेले ९५ हजार. महिन्याला चार हजार. पेट्रोल-विमा वेगळा, पण तो कुठल्याही गाडीला आहेच.

नव्या गाडीचं सहा लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्क्यांनी, पाच वर्षं: हप्ता साधारण १२,६०० आणि एकूण व्याज दीड लाखाच्या वर. जुलैत मुलीची १ लाख ४० हजार फी आहे आणि महिन्याला गाडी पाचशे किलोमीटर चालते. आत्ता नको. मिस्टरांना सांगा, २०११ साली ऑटोमॅटिक म्हणजे महागडी गोष्ट होती. २०१४ला मारुतीच्या सेलेरिओपासून एएमटी (मॅन्युअल बॉक्सच, पण क्लच आणि गिअर आपोआप चालवणारा) आली आणि आता पाच-सहा वर्षं वापरलेल्या लहान गाड्याही क्लचशिवाय मिळतात. फी भरून झाली की पुढच्या वर्षी त्या बघू.

पैसे कुठून? मुलीच्या फीची एफडी मोडायची नाही, तिच्यावर ओव्हरड्राफ्टही नको. बचत खात्यात १ लाख १० हजार आहेत, ते सगळे जाऊन खातं रिकामं होईल ही तुमची भीती बरोबर आहे. म्हणून दहा हजारांची एसआयपी सहा महिने थांबवा, म्हणजे साठ हजार परत जमा होतील. एसआयपी थांबवली तर पाप लागतं असं कुणीतरी तुम्हाला सांगितलेलं दिसतंय. लागत नाही. विम्याकडून आशा ठेवू नका, झिजून बंद पडलेला गिअरबॉक्स पॉलिसीत बसत नाही.

रिबिल्डवाल्याकडून मात्र दोन गोष्टी लिहून घ्या. उघडल्यावर खर्च वाढला तर कमाल किती, आणि काढलेले जुने भाग परत देणार का. 'उघडल्यावर कळेल' एवढंच उत्तर आलं तर दुसरा गॅरेजवाला शोधा.

स्कॅनरचा कोड आणि ड्रेन प्लगचा फोटो आला की मला पाठवा.