सात किलो आले कुठून?

"मॅडम, वजन उतरवता येतं हो मला. टिकवता येत नाही." हे वाक्य माझ्यासमोरच्या खुर्चीतून इतक्यांदा ऐकलंय की त्याला जोडून येणारं पुढचंही मला पाठ आहे: "माझ्यात इच्छाशक्तीच नाही." पहिलं वाक्य खरं असतं. दुसरं बहुतेक वेळा साफ चूक असतं. शोभाताईंची (नाव बदललं आहे) हकिगत त्यासाठीच लिहितेय.

शोभाताई पन्नाशीच्या, बँकेत नोकरी. मुलीच्या लग्नाआधी त्यांनी चौदा किलो उतरवले. साखर बंद, भात बंद, संध्याकाळी सातनंतर तोंडाला कुलूप. लग्न पार पडलं, गौरी-गणपती झाले आणि काटा वर सरकू लागला. संक्रांतीच्या सुमारास माझ्याकडे आल्या तेव्हा सात किलो परत आले होते. थायरॉईडची तपासणी करून आल्या होत्या, ती ठीक होती. (ती आधी करूनच या, असं मी सगळ्यांनाच सांगते.)

सुरुवातीला त्या फक्त स्वतःला बोल लावत होत्या. म्हणून आधी मी शरीराची बाजू मांडली. वजन उतरलं की शरीराला रोज लागणाऱ्या कॅलरी कमी होतात, शिवाय ते जरा जास्तच काटकसर करायला लागतं. भूकही वाढते. २०११ साली मेलबर्नच्या संशोधकांनी दाखवलं की वजन उतरवून वर्ष झालं तरी भूक वाढवणारं घ्रेलिन हे हार्मोन चढलेलंच होतं आणि भूक शमवणारी काही हार्मोन्स उतरलेली होती.

"म्हणजे मी हावरट नाही?"

"नाही. भूक खरीच लागते तुम्हाला."

त्यांचे डोळे भरून आले. पण एवढ्यानं चार महिन्यांतल्या सात किलोंचा उलगडा होत नव्हता.

"वजनकाटा कुठे असतो तुमचा?" हा प्रश्न मी मुद्दाम दोन-तीन भेटींनंतर काढते. आधी विचारला की माणसं पेपर तपासायला घेतल्यासारखी बिचकतात.

"दिवाणाखाली."

"कधीपासून?"

"गौरी जेवल्या ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून." त्या दिवशी तीन पुरणपोळ्या झाल्या होत्या, भजी, कटाची आमटी, खीर. सकाळी काटा दीड किलो वर. "म्हटलं, गेलं सगळं. एवढ्या महिन्यांचं एका जेवणात गेलं."

मी कागद पुढे सरकवला. तुपासकट एक पुरणपोळी साडेतीनशे कॅलरींची धरली, बाकीच्या पदार्थांचे हजार. दोन हजारांच्या आसपास झाले, आणि तेही सगळे जास्तीचेच धरले. एक किलो चरबी साठायला साधारण ७,७०० जास्तीच्या कॅलरी लागतात. बँकेतली बाई, माझ्याआधी भागाकार करून मोकळी.

"पाव किलो! मग दीड कसं दाखवलं काट्यानं?"

"बरंचसं पाणी. मीठ आणि पिठूळ-गोड जेवण शरीरात पाणी धरून ठेवतं. शिवाय पोटातलं अन्न. दोन-तीन दिवसांत उतरतं ते."

बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या. "मग सात किलो आले कुठून?"

उत्तर मला ठाऊक होतं. दिलं नाही. अशा वेळी गप्प बसणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे, आणि ते मला बऱ्यापैकी जमतं.

"काटा आत सरकवल्यावर आले," त्याच हळूच म्हणाल्या. "चहाबरोबर खारी. रात्री उरलेला भात, टाकायचा कशाला म्हणून. बिघडलंच आहे तर बिघडू दे, असं रोज." आम्ही तेही मांडून पाहिलं. रोजचे चारशे जास्त, चार-साडेचार महिने. बरोब्बर सात किलो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवर (घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला विचार जास्त छळतो, असं मानणारी) माझा भर आहे, आणि असे प्रसंग आले की तो वाढतो. पुरणपोळ्यांनी पाव किलो वाढवलं. 'गेलं सगळं' या निकालानं बाकीचं. डाएट म्हणजे शंभर टक्के, नाहीतर शून्य, ही मागणी डोक्यात असली की पहिल्याच सणाला माणूस स्वतःला नापास करून टाकतो. आणि नापास झाल्यावर अभ्यास कोण करतं?

म्हणून मी चूक टाळायला शिकवत नाही, चुकीनंतरचे दोन दिवस कसे घालवायचे ते शिकवते. सणाला ताटावर बसून, चवीनं जेवा. दुसऱ्या दिवशी नेहमीची पोळी-भाजी; प्रायश्चित्ताचा उपास अजिबात नको, कारण त्या संध्याकाळी डबे उघडले जातात. वजन आठवड्यातून एकदा-दोनदा, सकाळी, आणि दोन किलोंची मोकळीक ठेवून. ती रेघ ओलांडली तरच काय खाल्लं ते लिहायला पुन्हा सुरुवात. वजन उतरवून टिकवलेल्या हजारो लोकांची नोंदवही अमेरिकेत १९९४ साली सुरू झाली. त्यांतले बहुतेक नियमित वजन करतात आणि रोज तासभर चालण्यासारखा व्यायाम करतात. हल्ली वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनबद्दल विचारणारेही येतात. ते डॉक्टरांचं क्षेत्र. पण औषध थांबलं की वजन बऱ्याच अंशी परत येतं, तेव्हा ही तयारी त्यांनाही चुकत नाही.

घरच्यांना एकच सांगणं: ताटाकडे बघून बोलू नका. शोभाताईंचे यजमान "झालं का परत सुरू?" म्हणायचे, सासूबाई "सणाला कसलं गं मोजतेस?" दोन्ही वाक्यं स्वयंपाकघरात उभ्यानं खायला लावणारी.

सातातले तीन किलो पुढच्या वर्षभरात उतरले. चार राहिले, आणि ते राहू द्यावेत असं मीच सुचवलं. आधी रुसल्या, मग लग्नातला ब्लाऊज उसवून सैल करून घेतला. पुढच्या गौरींनंतर काटा सव्वा किलो वर गेला तेव्हा त्यांचा फोनही आला नाही. महिन्याभरानं सहज बोलताना कळलं.

एक मात्र. खाऊन मुद्दाम उलटी काढणं, दिवसचे दिवस उपाशी राहणं किंवा आकड्यावरून दिवसभर जीव खालीवर होणं असं काही असेल, तर काट्याचा हा सल्ला तुमच्यासाठी नाही. आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.