रोमन स्लॅब गळत नव्हता का?

गेल्या अंकात मी रोममधल्या पँथिऑनवर लिहिलं होतं. सम्राट हेड्रियनच्या काळात, इसवी सन १२५च्या आसपास पूर्ण झालेलं देवालय, आणि त्यावरचा ४३.३ मीटर व्यासाचा काँक्रीटचा घुमट. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न इथे घेतो. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण तोच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी विचारलाय.

आमच्या सोसायटीची इमारत १९९१ची. छताचा गिलावा पडतो, आतल्या सळया उघड्या पडल्यात. तुमचा तो घुमट मात्र एकोणीसशे वर्षं उभा. मग आपलं सिमेंट कमी प्रतीचं म्हणायचं का? — सोसायटीचे सचिव, डोंबिवली

सिमेंटला दोष देऊ नका. दाब सोसण्याच्या ताकदीत आजचं चांगलं काँक्रीट रोमन काँक्रीटला सहज मागे टाकतं. तुमच्या छताचा घात सळईने केलाय.

काँक्रीट असो की दगड, दाबलं तर सोसतं, ताणलं तर तडकतं. सपाट स्लॅब मध्ये किंचित झोळ खातो, त्याचं पोट ताणलं जातं, म्हणून आपण पोटात लोखंड घालतो. पाणी झिरपलं की लोखंड गंजतं, गंज फुगतो आणि खालचा थर ढकलून पाडतो. रोमनांनी काँक्रीटमध्ये सळया घातल्याच नाहीत. त्यामुळे आपल्यासारखा पातळ सपाट स्लॅब त्यांना जमण्यासारखा नव्हता, आणि ते त्या वाटेला गेलेही नाहीत. कमान, लांबलचक कमानीचं छत, घुमट असे आकार त्यांनी निवडले, कारण तिथे जवळजवळ सगळं वजन दाब होऊन खाली उतरतं. पँथिऑनच्या गोल भिंतीची जाडी सुमारे सहा मीटर आहे. तुमच्या फ्लॅटची एक मोठी खोली त्या जाडीत मावेल.

दुसरं कारण मसाल्यात आहे, आणि इथे मला वडिलांबद्दल लिहायला हवं. ते गवंडी होते, भोरकडचे. माझ्या लहानपणी आमच्या भागात चुन्याचं काम शिल्लक होतं. बैल घाण्याभोवती फिरायचा, दगडी चाक चुना-वाळू मळायचं, आणि वडील त्यात सुरखी टाकायला लावायचे. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची चाळलेली पूड. पाण्याचा हौद किंवा गच्चीचा कोबा असेल तर सुरखीशिवाय ते कामाला हात लावत नसत. कारण विचारलं तर म्हणायचे, “नुसता चुना पाण्याला भितो.”

पुढे मी स्थापत्य अभियंता झालो, छत्तीस वर्षं नोकरी केली, आणि निवृत्तीनंतर व्हिट्रुव्हियस वाचला. ऑगस्टस बादशहाच्या काळातला हा रोमन वास्तुतज्ज्ञ. त्याने दिलेलं प्रमाण असं: खाणीची वाळू असेल तर तीन भाग वाळूला एक भाग चुना. नदीची किंवा समुद्राची असेल तर दोनास एक, आणि त्यात तिसरा हिस्सा भाजलेल्या खापराची चाळलेली पूड घातली तर मसाला आणखी चांगला होतो. ही सुरखीच की! वाळूची परीक्षाही तो सांगतो. मुठीत चोळली तर करकरली पाहिजे, पांढऱ्या कपड्यावर टाकून झटकली तर मातीचा डाग राहता कामा नये. वडील वाळूचा ढीग उतरला की पहिल्यांदा मूठ भरून कानाजवळ चोळायचे. ते पान मी त्या दिवशी पुन्हा पुन्हा वाचलं. वडील ते ऐकायला नव्हते.

रोमनांकडे सुरखीहून सरस गोष्ट होती, ज्वालामुखीची राख. नेपल्सजवळच्या पोत्सुओली गावावरून तिला पोत्सोलाना म्हणतात. चुन्याशी तिची अशी प्रक्रिया होते की मसाला पाण्याखालीही घट्ट होतो. नुसता चुना हवेतून कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, म्हणून जाड भिंतीच्या गाभ्यात तो फार काळ कच्चा राहतो. राखेने ती अडचण दूर झाली. हेरोद राजाने आजच्या इस्रायलमधल्या सिझेरिया इथे बंदर बांधलं तेव्हा ही राख नेपल्सच्या किनाऱ्यावरून जहाजाने भूमध्य समुद्राच्या पार पूर्व टोकाला नेली होती.

२०२३ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी एक गोष्ट मांडली. रोमन काँक्रीटमध्ये चुन्याचे पांढरे खडे दिसतात. मसाला नीट मळला नाही म्हणून ते राहिले, असं पूर्वी मानत. या संशोधकांच्या मते रोमनांनी चुनकळी, म्हणजे भट्टीतून निघालेला कोरडा चुना, आधी पाण्यात न विरवता तशीच मिसळली, पाण्याशी गाठ पडून जी उष्णता निघाली तीत हे खडे तयार झाले, आणि पुढे तडा जाऊन पाणी शिरलं की खड्यातला चुना विरघळून तडा भरून काढतो. त्यांनी तसं काँक्रीट करून मुद्दाम फोडलं, पाणी सोडलं, तेव्हा दोन आठवड्यांत गळती थांबली. वडील गिलाव्याच्या चुन्यात असा एक खडा दिसला तरी घमेलं उलटं करायचे. तेही बरोबरच होतं. पातळ गिलाव्यात कच्चा खडा मागाहून फुगतो आणि फोड येतो. रोमन लेखक प्लिनीने नोंदवलंय की जुन्या रोमन नियमांप्रमाणे ठेकेदाराला तीन वर्षांपेक्षा कमी मुरलेला चुना वापरायला बंदी होती. गिलाव्याचा चुना वेगळा, गाभ्याचा वेगळा.

आणि एक विसरू नका. जे टिकलं तेच आपण पाहतो. इसवी सन २७ मध्ये रोमजवळ फिडेनी गावी एका ठेकेदाराने लाकडी प्रेक्षागृह उभारलं. पाया पक्क्या जमिनीवर नव्हता, लाकडांचे सांधे कच्चे होते. खेळाच्या दिवशी ते गर्दीसकट कोसळलं. मेलेले आणि जायबंदी मिळून पन्नास हजार, असा आकडा रोमन इतिहासकार टॅसिटस देतो. त्यानंतर सिनेटने ठरवलं की चार लाख सेस्टर्सहून (हे रोमन नाणं) कमी मालमत्ता असणाऱ्याने असे खेळ भरवू नयेत, आणि जमीन तपासल्याशिवाय प्रेक्षागृह बांधू नये. माणसं गेल्यावर नियम आला. नोकरीत मी हे डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून कळकळीने लिहितो: तुमच्या छतावर नुसतं सिमेंट थापून वर रंग देऊ नका. आधी वरची गळती बंद करा, सळई उघडी करून गंज पूर्ण काढा, आणि किती सळई उरली हे अभियंत्याकडून तपासून घ्या. हे काम पुढच्या पावसाळ्यावर टाकू नका.

घुमटाच्या मधोमध मोठं भोक आहे म्हणता. त्यातून पाऊस आत येत नाही, गरम हवा तो वरच्या वर अडवते, असं सहलीच्या मार्गदर्शकाने आम्हाला सांगितलं. खरं का? आणि आपल्या विजापूरच्या गोलघुमटाशी त्याची तुलना कशी होईल? — एक वाचक, मिरज

नाही. पाऊस आत येतो. मी आणि माझी पत्नी गेलो तेव्हा नोव्हेंबर होता आणि पाऊस धरून होता. वरून पाण्याचा उभा खांब उतरल्यासारखा दिसत होता. फरशी मध्ये हलकीशी फुगीर आहे आणि तिला छोटी भोकं पाडलीत, त्यातून पाणी खाली निघून जातं. पत्नी छत्री मिटून त्या ओल्या गोलाच्या काठाशी बराच वेळ उभी होती. तिने विचारलं, “एवढं वजन कशावर आहे?”

घुमटाचं डोकं आतल्या बाजूला पडू पाहतं. म्हणजे तिथला प्रत्येक भाग शेजारच्याला दाबतो. त्यामुळे मधला तुकडा काढून घेतला तरी कडेचं विटांचं कडं दाबाने आवळलेलं राहतं आणि काही पडत नाही. उलट सगळ्यात नाजूक जागेचं वजनच कमी होतं. घुमटाच्या तळाशी मात्र उलटी गोष्ट घडते, तो बाहेर फाकू पाहतो. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते ना, तशी धाव इथे नाही. म्हणून तळाशी जाडी सहा मीटरच्या घरात आणि माथ्याशी सव्वा-दीड मीटर. बाहेरून पायऱ्यांसारखी कडी चढवून तळावर वजन ठेवलंय. गाभ्यातला दगडही बदलत जातो. पायात ट्रॅव्हर्टाइन नावाचा जड चुनखडीचा दगड, मग टफ म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा दगड आणि विटांचे तुकडे, आणि माथ्यापाशी ज्वालामुखीचा सच्छिद्र हलका दगड. आतल्या बाजूने जे खोलगट चौकोन दिसतात, अठ्ठावीस-अठ्ठावीसच्या पाच ओळी, त्यांनीही थोडं वजन कमी होतं.

तरी तळाच्या भागात उभ्या चिरा गेल्यात. त्या जुन्याच आहेत. चिरा गेल्यावर तो भाग कलिंगडाच्या फोडींसारखा सुटा झाला, आणि फोडी एकमेकींना माथ्याशी टेकून कमानींसारख्या उभ्या राहिल्या. भिंत जाड होती म्हणून हे निभावलं.

विजापूरच्या गोलघुमटाशी तुलनाही तुम्ही विचारलीत. १६५६ सालचा तो घुमट आतून सुमारे ३८ मीटर, वीट-चुन्याचा, आणि चौकोनी खोलीवर एकमेकांना छेदणाऱ्या कमानींनी तोललेला. पँथिऑन गोल भिंतीवर सरळ बसतो. चौकोनावर गोल बसवणं ही जास्त अवघड कसरत आहे, आणि विजापूरच्या कारागिरांना त्याचं श्रेय आपल्याकडे पुरेसं मिळत नाही, असं माझं मत आहे.

रोमन संगमरवरी पुतळ्यांच्या पायाशी नेहमी झाडाचा बुंधा का असतो? त्याला काही धार्मिक अर्थ आहे का? — चित्रकला शिक्षिका, लातूर

तुमची नजर चांगली आहे. बहुतेक वेळा तो बुंधा म्हणजे टेकू आहे. रोमनांना ग्रीकांचे कांस्य पुतळे फार आवडत. ते मिळवण्याला मर्यादा, म्हणून संगमरवरात नकला व्हायच्या. कांस्य पोकळ ओततात, ते ताण सोसतं, त्यामुळे माणूस एका पायावर भार देऊन, दुसरी टाच उचलून सहज उभा राहतो. तीच ढब दगडात आणली की घोट्याशी मोडायची भीती. म्हणून मागे बुंधा कोरायचा. ग्रीक शिल्पकार पॉलिक्लायटसच्या ‘भालेकऱ्या’चं मूळ कांस्य नष्ट झालंय. पाँपेईत सापडलेली संगमरवरी नक्कल नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्या पायामागे बुंधा आहे, आणि उजव्या मनगटापासून मांडीपर्यंत दगडाची छोटी दांडीही ठेवलीय. डोंबिवलीच्या स्लॅबला जे लागू, तेच या घोट्याला: ताणलं तर तडकतं.

पुतळे पांढरे होते असं मुलांना शिकवू नका, एवढी विनंती. १८६३ साली रोमजवळ प्रिमा पोर्ता इथे सापडलेल्या ऑगस्टसच्या पुतळ्यावर लाल-निळ्या रंगाचे अंश आजही आहेत.

रंगावरून आठवलं. पाँपेईची चित्रं ओल्या गिलाव्यावर काढलेली आहेत, आपल्या अजिंठ्याची सुकलेल्या गिलाव्यावर, हा फरक मुलांना जरूर दाखवा. ओल्या चुन्यात रंग आत धरला जातो. पण सगळेच रंग टिकत नाहीत. फाबेरियस नावाच्या कारकुनाने घराच्या चौकातल्या भिंतींना हिंगूळ हा महागडा लाल रंग लावला आणि तीस दिवसांत त्या काळपट, डागाळलेल्या झाल्या, असं व्हिट्रुव्हियस सांगतो. उघड्यावर हिंगूळ ऊन सोसत नाही. वर मेणाचा हात द्यावा लागतो.

रोमला जाणं आम्हाला परवडणार नाही. महाराष्ट्रात रोमन कलेचं काही पाहायला मिळेल का? — महाविद्यालयीन विद्यार्थी, गडहिंग्लज

तुमच्या तर जिल्ह्यातच आहे. कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात काशाच्या वस्तूंचा साठा सापडला. त्यात समुद्रदेव पोसायडनची एक छोटी मूर्ती होती. सातवाहन काळात भूमध्य सागराकडून कोकणच्या बंदरात आणि तिथून घाट चढून ती कोल्हापूरला आली असणार. टाउन हॉल संग्रहालयात विचारा.

उलट्या दिशेने गेलेली वस्तूही आहे. १९३८ साली पाँपेईच्या एका घरात हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत ते गाव गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधीची. मेजाचा पाय असावी किंवा आरशाची मूठ. मराठवाड्यातल्या तेर आणि भोकरदन इथे मिळालेल्या हस्तिदंती कामाशी तिचं साम्य अभ्यासकांनी दाखवलंय.

पोसायडन पाहायला जाल तेव्हा घाई करू नका. उंची वीतभरही नाही, घाईत नजरेतून सुटेल. मी चार वेळा गेलोय. लातूरच्या बाईंचं पत्र वाचल्यावर मला तीच मूर्ती आठवली. ओतलेल्या धातूची असल्यामुळे तिला मागे बुंध्याचा टेकू लागत नाही.